रुपयात घेतो हं, मावशी

“मालन, भंडारा उचल,” शैला म्हणाली.

मी आधी हसलेच. म्हटलं, थट्टा चाललीय. बुडापेस्टच्या हॉटेलातली खोली, खिडकीखालून ट्राम जातेय, पलंगावर पांढरीशुभ्र चादर आणि त्या चादरीवर हिराक्कांची जेजुरीची पितळी डबी, झाकण उघडून ठेवलेली. दुपारच्या चहाची वेळ होती. किटलीत पाणी उकळत होतं, मी कप मांडत होते. मागं वळून बघितलं तर तिघी ओळीनं बसलेल्या आणि एकीच्याही तोंडावर हसू नाही.

“काय म्हणालीस?”

“उचल म्हणते. ‘सगळ्यांच्या पैशाला मी हात लावला नाही’ असं म्हण आणि चिमूटभर उचल. विषय संपला.”

आमच्या सासवडला हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. खंडोबाचा भंडारा हातात घेऊन खोटं बोलायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. बांधाचं भांडण असो, घरातलं डोरलं गेलेलं असो, शेवटी म्हणतात, उचल भंडारा. पण म्हणतात कुणाला? ज्याच्यावर आळ आहे त्याला. चांगल्या माणसाला वाटेत गाठून कुणी भंडारा उचलायला लावत नाही.

“शैले, तू मला चोर म्हणतेस?”

“मी काही म्हणत नाही. हिशोब म्हणतोय.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. या गोष्टीला आता सहा-सात वर्षं होतील, पण लिहिताना अजून कान गरम होतात.

मी मालन जगताप. सासवडला माझं मिरची-मसाल्याचं कांडप आहे. कांडपावर आलेली बाई कशी वागते ते बघितलंय का कधी? मशीनसमोर नाकाला पदर लावून बसते. शिंकते, खोकते, डोळे पुसते, पण जागची हलत नाही. का? तर डोळ्यांआड झालं की कांडपवाला आपली ब्याडगी काढून घेईल, हलकी मिरची मिसळेल आणि वर तोंड करून म्हणेल, घट आली. सगळ्या तालुक्यात असाच पहारा चालतो. माझ्याकडे मात्र बाया डबा ठेवायच्या, “संध्याकाळी नेते गं मालनताई” म्हणायच्या आणि खुशाल बाजाराला निघून जायच्या. नवरा गेला तेव्हा माझ्याजवळ एक जुनं मशीन, दोन पोरं आणि हे एवढं नाव होतं. त्या नावावर मी पोरं शिकवली, दुसरं मशीन घेतलं. माझ्या कांडपात बसायला स्टूल नव्हतं, कारण कधी लागलंच नाही.

आणि शैलाला हे माहीत नव्हतं? आम्ही दोघी एकाच वर्षी नव्या नवऱ्या म्हणून एकाच आळीत आलो. तिच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान, माझ्या कांडपासमोर. माझं बाळंतपण तिनं केलं, तिच्या सासूचं शेवटचं पाणी मी पाजलं. पहिला डबा ठेवून निघून गेलेली बाई तीच होती. तीच आता मला देवासमोर उभी करत होती.

उरलेल्या दोघींचं सांगते. रत्ना तहसील कचेरीतून नुकती निवृत्त झालेली, आमच्यात इंग्रजी वाचणारी तेवढीच. आणि हिराक्का सगळ्यांत थोरल्या, गुडघ्यानं अधू, पण हौस विशीतल्या पोरीला लाजवेल अशी. आम्हा चौघींची भिशी कित्येक वर्षांची. एका दिवाळीला हिराक्काच म्हणाल्या, “आता भिशी वाटून घ्यायची नाही. साठवायची आणि परदेश बघायचा. मी मेल्यावर बघणार आहे का?” झालं. तिकीट, हॉटेल, व्हिसा पुण्याच्या एका प्रवास कंपनीनं केलं. गाव मी निवडलं. मी कुठंतरी वाचलं होतं की हंगेरी म्हणजे लाल तिखटाचा देश, तिथं मंडईत तिखटाच्या भिंती रचलेल्या असतात. म्हटलं, आपल्या धंद्याचं माहेर एकदा बघून यावं. हिराक्कांना एकच गोष्ट हवी होती, नदीतल्या बोटीवर बसून जेवायचं. ते शेवटच्या संध्याकाळी ठरलं.

जेवणखाण, तिकिटं, फिरणं यासाठी चौघींनी सारखे पैसे घातले आणि ते सगळे माझ्या खात्यात भरले. कार्ड माझं. “मालनकडं ठेवलं म्हणजे देवाकडं ठेवलं,” असं हिराक्का माझ्या मुलासमोर म्हणाल्या होत्या. याच हिराक्का!

“कसला हिशोब म्हणतोय?” मी विचारलं.

शैलानं चष्मा लावला. “आपण काय काय खर्च केला ते मी रोज मनात धरत आलेय. इथल्या चार फोरिंटला आपला एक रुपया. आलं ते सगळं चारानं भागलं. त्या हिशोबानं तुझ्या खात्यात आज बोटीचे पैसे भरून वर खरेदीपुरते उरायला हवेत. आणि सकाळी सुहास फोनवर काय म्हणाला?”

सुहास माझा थोरला. त्या वेळी माझा फोन साधा बटणांचा, त्यावर बँक-बिंक काही दिसत नव्हती. बोटीचे पैसे भरण्याआधी शिल्लक कळावी म्हणून मीच रत्नाच्या फोनवरून त्याला बँकेत धाडलं होतं, आणि लपवायचं काय म्हणून सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात ऐकलंही होतं. तीस हजारांच्या आसपास कमी भरत होते. बोट गेलीच, शेवटच्या दिवसाच्या जेवणाचीही ओढाताण होती.

“मलाही कळत नाहीये कुठं गेले,” मी म्हटलं. “म्हणून तर तुम्हाला ऐकवलं. चोरानं ऐकवलं असतं का?”

“आणि ते तिखट?” रत्ना हळूच म्हणाली. “दोन पिशव्या भरून आणलंस मंडईतून. शिवाय ते मिरे दळायचं पितळेचं यंत्र.”

“ते माझे पैसे! घरून आणलेले युरो होते माझ्याजवळ, सुहासनं दिलेले. तुझ्यासमोर मोजून दिले ना गं त्या बाईला?”

“मी पुढं गेले होते तेव्हा.”

“मग पुढं गेलेलीनं मागचं बोलू नये.”

हिराक्का डबीकडे बघत बसल्या होत्या. त्यांचा आवाज रडवेला झाला. “मालन, वाद कशाला गं? उचल की. खरं असेल तर उचलायला काय होतंय?”

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. खरं असेल तर उचलायला काय होतंय! होतं काय ते मी सांगते. एकदा उचलला की तुम्ही निर्दोष ठरता, पण आयुष्यभरासाठी ‘भंडारा उचललेली बाई’ होता. माझ्या दारात डबा ठेवताना एखादी सून सासूला विचारणार, ‘यांनीच ना भंडारा उचलला होता?’

“मी उचलणार नाही,” मी म्हणाले.

तिघींनी एकमेकींकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं आलं.

“मला चोर ठरवून झालंय तुमचं. आता नुसती देवाची सही हवीय. ती मी देणार नाही. आणि हे घ्या तुमचं कार्ड!” कार्ड मी चादरीवर फेकलं, ते जाऊन भंडाऱ्याच्या डबीला लागलं. हिराक्कांनी घाबरून डबीला हात जोडले. शैलानं कार्ड उचललं, पुसलं आणि आपल्या पर्समध्ये ठेवलं. खरोखर ठेवलं! मला वाटलं होतं, निदान ‘असू दे तुझ्याजवळ’ असं तरी म्हणेल.

त्या दिवशी चहा कुणीच प्यायलं नाही.

आता तुम्हाला हर्षलचं सांगायला हवं. बारामतीकडचा पोरगा, पस्तिशीच्या आतला, बुडापेस्टमध्ये शिकायला गेला आणि तिथंच राहिला. मराठी मंडळी आली की तो त्यांना गाव दाखवायचा. प्रवास कंपनीनं तो दिला तेव्हा आम्हाला आभाळ ठेंगणं झालं. परक्या मुलखात आपली भाषा बोलणारा, गडावर चढताना हिराक्कांना हात देणारा, पहिल्याच दिवशी “माझी आई पण अशीच आहे” म्हणून डोळ्यांत पाणी आणणारा. घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी मी त्याला रोज भाकरीला लावावी तशी पावाला लावून खाऊ घालत होते. तोही बोटं चाटून खायचा मेला.

तिथले आकडे बघून आमची छाती दडपायची. पाण्याची बाटली चारशे, चौघींचं जेवण तीस-तीस हजार! फोरिंट आहेत, रुपये नाहीत, हे डोक्याला कळायचं, पोटाला कळायचं नाही. पहिल्याच हॉटेलात पैसे द्यायचे मशीन आलं आणि हर्षलनं ते वेटरच्या हातातून घेतलं. “मावशी, रुपयात घेतो हं. म्हणजे तुम्हाला कळेल किती गेले.” त्यानं कसलंसं बटण दाबलं आणि मग मशीन माझ्यापुढं धरलं, पिन घालायला. वर खरंच रुपयांचा आकडा होता! हिराक्कांनी तर हात जोडले. “बघा, आपला रुपया इथंसुद्धा चालतो!” आम्हाला केवढा अभिमान वाटला, काय सांगू. त्या दिवसापासून तेच. जेवण असो, किल्ल्याचं तिकीट असो, भेटवस्तूंचं दुकान असो, हर्षल मशीन घ्यायचा, “रुपयात घेतो हं, मावशी” म्हणायचा, बटण दाबायचा. पावतीला नको म्हणायचा, कचरा होतो म्हणून. आणि जेवायला, खरेदीला न्यायचा तो ठरावीक तीन-चार जागी. म्हणायचा, “ओळखीचे आहेत, फसवणार नाहीत.”

रोख पैशांची आमची वेगळीच तऱ्हा. खिसेकापूंच्या भीतीनं हिराक्का जास्त काढू द्यायच्या नाहीत. म्हणून रोज सकाळी कोपऱ्यावरच्या मशीनमधून थोडेसेच काढायचे. तेही हर्षलनं दाखवलेलं मशीन. तेही रुपयात.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्याच आवडत्या हॉटेलात जेवायला गेलो. मी टेबलाच्या टोकाला बसले. एरवी मी जेवताना बडबड करणारी, पर्समधून चटणी काढणारी, पोराला आग्रह करणारी. त्या दिवशी मी तोंड मिटून बसले आणि फक्त बघत राहिले. कांडपावर बाया बसतात ना, तशी. नजर न हलवता. वेटर कोण, डिश कोणती, कोण काय घेतं, कोण कुणाला डोळ्यानं काय सांगतं. जिच्यावर कुणाचा भरवसा नाही, तिनं तरी दुसऱ्यावर का ठेवावा?

“मावशी, आज गप्प गप्प?” हर्षल म्हणाला.

“दात दुखतोय,” मी म्हटलं.

शैलानं चटकन मान खाली घातली. ती माझ्याशी बोलत नव्हती असं नाही. ‘मीठ दे गं’, ‘पाणी हवंय का’ असं बोलत होती. तेच जास्त लागत होतं.

जेवण झालं, बिल आलं, मशीन आलं. शैलानं पर्समधून कार्ड काढून हर्षलकडे दिलं. पिन मात्र मीच घालायची होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. हर्षलनं कार्ड आत सरकवलं. मशीन त्याच्या हातात, त्याची पाठ थोडी आमच्याकडे. मी उठून त्याच्या खांद्यामागं उभी राहिले होते.

पडद्यावर दोन आकडे होते. एकाखाली एक. एक फोरिंटचा, एक रुपयांचा. आणि त्याचा अंगठा निघाला होता रुपयांकडे.

“थांब!”

एवढ्या मोठ्यानं ओरडले मी की शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं चमचा खाली ठेवला. हर्षलचा अंगठा हवेतच राहिला.

“दाखव इकडे.”

“मावशी, वेळ गेली तर व्यवहार रद्द होतो—”

“होऊ दे रद्द. दे म्हणते ना!” मी मशीन ओढूनच घेतलं. “शैले, इकडे ये. तू चारानं भागतेस ना? भाग. अडतीस हजार चारशे.”

शैला गोंधळली, पण हिशोबाचं म्हटलं की तिचं डोकं आपोआप चालतं. “नऊ हजार सहाशे.”

“आणि रुपयात काय लिहिलंय ते वाच.”

तिनं वाचलं. दहा हजार चारशेच्या पुढं होते. तिनं चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

“रत्ना, खाली ती बारीक अक्षरं आहेत, ती काय म्हणतायत?”

रत्ना डोळे बारीक करून वाचायला लागली आणि वाचता वाचता तिचा चेहरा पडला. “रुपयात घेतलं तर दर त्यांचा. त्यात साडेआठ टक्के त्यांचे वर धरलेत, असं लिहिलंय गं. आणि ग्राहकानं आपल्या मर्जीनं निवडलं, असंही लिहिलंय.”

“आपल्या मर्जीनं!” मला हसावं की रडावं कळेना. “ऐकलंत का हिराक्का? आपला रुपया इथंसुद्धा चालतो! एकाच मालाला दोन काटे लावून बसलेत, आणि हा आपला लेक रोज आपल्याला हलक्या काट्यावर उभं करतोय. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!”

वेटर अवघडून उभा होता. मी पडद्यावरच्या फोरिंटच्या आकड्यावर बोट ठेवलं, दाबलं, पिन घातली. मशीननं निमूट पैसे घेतले. एवढंच करायचं होतं. आठवडाभर एवढंच करायचं होतं.

हर्षल हसायचा प्रयत्न करत होता. “मावशी, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. तुम्हाला फोरिंट कळत नव्हते म्हणून मी सोय केली. थोडाफार फरक पडतोच. मला काय मिळणार त्यातून?”

“काही मिळत नाही?”

“एक पैसा नाही. आईशप्पथ.”

“आईला कशाला मध्ये आणतोस? ती बिचारी बारामतीत असेल.” मी वळले. “हिराक्का, काढा डबी.”

हिराक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग पिशवीत हात घातला आणि ती पितळी डबी टेबलावर ठेवली, पाण्याच्या ग्लासांच्या मध्ये. झाकण मी उघडलं. त्या परक्या देशातल्या हॉटेलात तो पिवळाजर्द भंडारा नुसता उजळून निघाला.

“तुमचं कुलदैवत कोणतं रे?”

तो दाराकडे बघायला लागला.

“परवा तूच सांगितलंस, दर सोमवतीला तुझे वडील जेजुरीला जातात. उचल. ‘या दुकानांकडून, या हॉटेलांकडून मला काही मिळत नाही’ असं म्हण आणि उचल. मी तुझे पाय धरून माफी मागेन, इथं, सगळ्यांदेखत.”

त्याचा हात टेबलावर होता. डबीपासून वीतभर लांब. तो त्यानं पुढं आणला, बोटं डबीच्या काठापर्यंत आली आणि तिथंच थांबली. आम्ही चौघी त्या बोटांकडे बघत होतो. मग त्यानं हात मागं घेतला, मांडीवर ठेवला आणि खाली बघत म्हणाला, “सगळेच घेतात, मावशी.”

“सगळे गेले खड्ड्यात! तू स्वतः कार्ड वापरतोस तेव्हा काय दाबतोस?”

“फोरिंट.”

“नेहमी?”

“नेहमी. जिथं असू तिथलंच चलन घ्यायचं. मशीननं रुपये दाखवले की नको म्हणायचं.” पाठ केल्यासारखं तो बोलत सुटला. “आणि रोख काढायची तर बँकेच्या मशीनमधून, एकदाच जरा मोठी. कोपऱ्यावरच्या मशीनला दर वेळी वेगळी फी पडते.”

“म्हणजे सगळं ठाऊक होतं तुला. माझी चटणी खाताना ठाऊक होतं.”

“मावशी, मी—”

“मावशी म्हणू नकोस मला! तुझ्या चार दमड्यांपायी काल माझ्यापुढं ही डबी ठेवली होती या बायांनी. माझ्यापुढं! तुला काय, उद्या दुसऱ्या मावश्या येतील. मला जन्मभर त्याच गावात दुकान उघडायचंय.”

हे बोलताना माझा आवाज फाटला आणि मला माझाच राग आला. रडायचं नव्हतं मला. रडायला मी काय केलं होतं?

संध्याकाळच्या बोटीचे पैसे हर्षलनं स्वतःच्या कार्डानं भरले. मी त्याच्या शेजारी उभी राहून बघितलं, फोरिंटच दाबलं त्यानं. उरलेल्याची भरपाई कधीच झाली नाही. प्रवास कंपनीला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की निवड ग्राहकाची होती. घरी आल्यावर आमच्या बँकेत गेले, तेव्हा कळलं की परदेशात कार्ड वापरलं म्हणून तिनंही वर आपला आकार लावलाय, रुपयात घेतलं तरी. निघण्याआधी मी तिथंच जाऊन ‘कार्ड तिकडे चालेल ना?’ विचारलं होतं. साहेब म्हणाले होते, अगदी निश्चिंत जा. चालेल एवढंच मी विचारलं होतं ना, कितीला चालेल ते नाही. तो साहेब आता भेटला की मी दुसऱ्या खिडकीला जाते.

पण मला सांगायचं आहे ते बोटीचं. नदीवर दिवे लागले होते, हिराक्का लहान मुलीसारखा हात पाण्याकडे नेत होत्या. जेवण सुरू व्हायच्या आधी त्यांनी बोटावर भंडारा घेतला आणि माझ्या कपाळाला लावला. म्हणाल्या, “चुकलं गं पोरी माझं.” मी त्यांच्या पाया पडले. रत्नानं माझा हात धरून ठेवला होता.

आणि शैला? शैलानं मोकळा श्वास सोडला. “चला बाई, एकदाचा उलगडा झाला! चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती.” मग मला कोपरानं ढोसलं. “हस ना आता. माझ्या मनात काही नव्हतंच गं. हिशोब लागत नव्हता म्हणून म्हटलं.” आणि पर्स उघडून ते कार्ड तिनं माझ्यापुढं धरलं, मीठ द्यावं तसं.

मी ते घेतलं. हसले नाही. तिला वाटलं, झालं, मिटलं.

उन्हाळा आला. मार्चपासून माझ्या दारात रांगा लागतात. त्या आधीच एक दिवस मी सुताराकडे जाऊन एक स्टूल करून घेतलं होतं, साधं, लाकडी. सुहास म्हणाला, “आई, आपल्याकडे कोण बसतं?” मी म्हटलं, असू दे.

शैला आली. दरवर्षीसारखी सकाळी लवकर, उन्हात वाळवलेली मिरची, भाजलेला मसाला, सगळं निगुतीनं डब्यात भरून. डबा ओट्यावर ठेवला, पदर खोचला. “संध्याकाळी नेते गं,” म्हणून वळली.

“थांब,” मी म्हणाले.

मी आतून स्टूल आणलं आणि मशीनसमोर मांडलं. जिथून मिरची पडताना दिसते आणि तिखट निघतानाही दिसतं, अशा जागी.

“बस.”

“अगं, मी कशाला? दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय.”

“बस. इथून सगळं दिसतं.”

रांगेतल्या बाया बघायला लागल्या. शैलाचा चेहरा लालबुंद झाला, मग उतरला. ती निघून जाईल असं मला वाटलं होतं. गेली नाही. बसली. मी मशीन सुरू केलं. तिखटाचा खकाणा उडाला, ती शिंकली, नाकाला पदर लावला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, पण उठली नाही. सगळं कांडून होईपर्यंत बसली. मी तिच्यासमोर वजन केलं, घट किती आली ते मोठ्यानं सांगितलं, पैसे घेतले, सुट्टे परत दिले.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात हेच. बाकीच्या बाया अजूनही डबा ठेवून बाजाराला जातात. स्टूल एकटीसाठी आहे. आम्ही बोलतो, एकमेकींच्या घरी जातो, तिच्या नातवाच्या बारशाला मी पाळणा म्हटला. भिशीही चालू आहे. पण तो एक शब्द, जो हिराक्कांनी बोटीवर पहिल्या घासाआधी म्हटला, तो शैलाच्या तोंडून अजून आलेला नाही.

यंदा तिला दमा झालाय. सुहास म्हणाला, “आई, काकूंना बसवू नकोस गं, त्रास होतो.” मी ऐकून घेतलं. ती आली, डबा ठेवला. मी काही म्हणायच्या आत स्वतःच कोपऱ्यातलं स्टूल ओढून मशीनसमोर घेतलं आणि बसली. पदर नाकाला लावून, खोकत. मशीन बंद झाल्यावर डोळे पुसत पुसत तिनं विचारलं, “किती वर्षं बसवणार आहेस गं मला?”

मी तिचा डबा काट्यावर ठेवला आणि काटा तिच्याकडे फिरवला.

“वजन बघून घे,” मी म्हणाले.